रेतीवरची घरटी: नदीपात्रातल्या विणीच्या नोंदी ठेवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, प्राणहिता. उन्हाळ्यात या नद्यांचं पाणी आटतं, पात्रात रेतीची बेटं उघडी पडतात आणि त्या उघड्या रेतीवर काही पक्षी अंडी घालतात. मार्च लागला की नवे लोक विचारायला लागतात: आम्हीही नोंदी ठेवू का, कशा ठेवू, रेतीचे ट्रॅक्टर आले तर काय करू? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पवनीपासून खाली चामोर्शी, आष्टीपर्यंतची वैनगंगा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. विदर्भातल्या इतर नद्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

नेमके कोणते पक्षी बघायचे?

पहिला मान नदी सुरयाचा. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि मासळीवर सूर मारतो. आपल्याकडे नेहमीचा दिसतो म्हणून त्याला साधा समजू नका. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत २०२० पासून तो ‘संकटग्रस्त’ गटात आहे. त्याचाच भाऊबंद काळ्या पोटाचा सुरय त्याहून बिकट अवस्थेत आहे. आग्नेय आशियातून तो जवळपास नाहीसा झालाय, आता उरलीसुरली भिस्त भारतीय उपखंडातल्या नद्यांवर. चोच नारिंगी-पिवळी, आकार नदी सुरयापेक्षा लहान आणि विणीच्या दिवसांत पोट काळं. दिसला तर त्याची नोंद वेगळ्या पानावर करा, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्या.

त्यांच्या आसपास छोटी पाणभिंगरी (काही पुस्तकांत आर्ली), नदी टिटवी, मोठा करवानक आणि कंठेरी चिखल्या असतात. नदी टिटवी आणि मोठा करवानक दोघेही धोक्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहेत. पाणभिंगरी आणि चिखल्या सध्या सुखरूप मानले जातात, पण त्यांचीही घरटी त्याच रेतीत असतात, म्हणून तीही मोजायची.

गावातली नेहमीची टिटवी, लाल गाठीची, शेतात, माळावर, गिट्टीच्या ढिगावर कुठेही अंडी घालते. तिच्यासाठी नदीवर जायची गरज नाही.

इतकी मोकळी नदी सोडून हे पक्षी बेटावरच अंडी का घालतात?

बेटाला चारी बाजूंनी पाणी असतं म्हणून. कोल्हा, कुत्रा, मुंगूस, घोरपड यांना पाणी ओलांडावं लागतं. शिवाय बेटावर झाडझुडूप नसल्यामुळे बसल्या जागेवरून शत्रू लांबून दिसतो. ‘घरटं’ म्हणायचं तेही नावापुरतं, रेतीत छाती घासून केलेला उथळ खळगा, त्यात ना काडी ना पान. अंड्यांवर तपकिरी-करडे ठिपके असतात आणि ओल्या-सुक्या रेतीच्या खड्यांत ती अशी मिसळून जातात की दोन पावलांवर असूनही दिसत नाहीत. नेमकं हेच नवख्या माणसाच्या बाबतीत घातक ठरतं, कारण शोधायला म्हणून गेलेला माणूस त्यांच्यावरच पाय देतो.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते की. मग ही वेगळी कशाला?

आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. हिवाळी पाहुणे मोजायला तो काळ योग्यच आहे. पण सुरयांची वीण मार्च ते मे. जानेवारीत दिसलेल्या सुरयाने पुढे अंडी घातली की नाही, घातली तर ती टिकली की नाही, हे त्या आकड्यांतून कळत नाही. सुरय वर्षानुवर्षं जगणारा पक्षी आहे. एखाद्या पट्ट्यात सलग काही उन्हाळे एकही पिल्लू उडालं नाही, तरी प्रौढ पक्षी तिथे दिसतच राहतात, आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. संख्या घसरलेली दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

म्हणून आमचा भर एकाच गोष्टीवर आहे: घरटी किती होती याहून कोणतं घरटं कधी आणि कशाने गेलं ते लिहा. ‘अमुक बेटावर तीस घरटी दिसली’ ही बातमी झाली. ‘त्यातली अठरा एका रात्रीत पाण्याखाली गेली’ अशी तारखेसकट नोंद असली, तर ती घेऊन पाटबंधाऱ्याच्या साहेबांसमोर बसता येतं.

कधी सुरू करायचं, कधी थांबायचं?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिली चक्कर मारा. करवानक, नदी टिटवी आणि पाणभिंगरी लवकर सुरुवात करतात. नदी सुरय मार्च-एप्रिलमध्ये भरात येतो. मेअखेर नवतपा संपेपर्यंत उशिराची पिल्लं असतातच. मृगाचा पाऊस पडून नदी चढली की काम आपोआप थांबतं.

एक फसगत मात्र इथेच होते. पहिली अंडी गेली की पक्षी बरेचदा दुसऱ्यांदा घालतात. मार्चमध्ये बारा घरटी आणि एप्रिलअखेरीस दहा दिसली म्हणून बावीस जोड्या झाल्या असं नाही, त्याच जोड्या असू शकतात. हंगामाचा आकडा म्हणून एका दिवशी एकाच वेळी अंड्यांवर बसलेल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा आकडा धरा, बेरीज करू नका.

बेट कसं निवडायचं?

घरबसल्या सुरुवात करा. सेंटिनेल-२ या उपग्रहाची छायाचित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं आणि दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. पक्षी त्यात दिसणार नाहीत, पण कोणतं बेट खरंच सुटं आहे आणि कोणतं एका टोकाने काठाला चिकटलंय हे स्वच्छ कळतं. मागच्या दोन-तीन वर्षांचे एप्रिल महिने शेजारी शेजारी ठेवून बघा. बेट सरकतं, मोडतं, नवं तयार होतं.

त्यानंतर गावात विचारा. डोंगा चालवणाऱ्या ढिवर भावांना कोणत्या रेतीवर पाखरं ओरडतात हे पक्कं ठाऊक असतं. “तिकडं नोका जाऊ जी भाऊ, अंडे हायेत रेतीत,” असं कुणी म्हणालं की समजायचं, अर्धं सर्वेक्षण झालं.

सुरुवातीला एकच बेट घ्या. पाच बेटं घेऊन दर पंधरा दिवसांनी जाण्यापेक्षा एका बेटावर दर आठवड्याला गेलेलं कधीही बरं.

किती जवळ जायचं?

शक्यतो बेटावर जायचंच नाही. काठावरच्या उंच दरडीवरून किंवा पुलावरून, शे-दीडशे मीटरवरून, दुर्बिणीने मोजायचं. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण पुरते, स्पॉटिंग स्कोप असेल तर उत्तमच. दर वेळी त्याच जागेवर उभे राहा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल.

किती मीटर हे पक्षीच सांगतो. बसलेला पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला की थांबा. एक-दोन उठून ओरडायला लागले की मागे फिरा. सगळी वसाहत हवेत उठून तुमच्या डोक्यावर झेपावत असेल, शिटत असेल, तर तुम्ही कधीच हद्द ओलांडली आहे. पाणभिंगरी आणि चिखल्या आणखी एक खेळी करतात: पंख मोडल्याचं सोंग घेऊन लंगडत लंगडत पुढे पळतात. नवा माणूस ‘अरे, जखमी आहे’ म्हणून मागे धावतो. धावू नका, उभेही राहू नका, कारण अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायाशीच कुठेतरी असणार. आल्या पावलांवर पाय देत परत या.

पाच-दहा मिनिटं पक्षी उठला तर एवढं काय बिघडतं?

मे महिन्यातल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात खूप बिघडतं. हवेचा पारा ४५-४६ अंशांवर असतो तेव्हा उघडी रेती त्याहून कितीतरी जास्त तापते, अनवाणी पाय ठेववत नाही. अंड्याच्या आतला जीव चाळिशी ओलांडलेल्या तापमानात फार वेळ तग धरत नाही. अशा दिवसांत पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. जवळून बघितलं तर कळतं, तो पूर्ण बसलेलाही नसतो. पाय किंचित ताठ, पंख थोडे सैल, चोच उघडी, घशाची कातडी थरथरत असते. पोट आणि अंडं यांच्यात वारा खेळेल एवढी फट असते.

मधूनच तो उठतो, पाण्यावर जातो, पोट बुडवतो आणि पिसं ओली करून परत येतो. त्या ओलाव्याने अंडी आणि पिल्लं गार राहतात. सुरय, टिटव्या, चिखले सगळेच हे करतात. दुपारी दुर्बिणीतून ही ये-जा बघताना लक्षात येतं की नर-मादी पाळी बदलतात आणि त्या बदलीत अंडी क्षणभरच उघडी राहतात. तुम्ही बेटावर उभे असाल तर ती बदली होतच नाही.

म्हणून नियम सरळ आहे. सकाळी आठच्या आत काम आटपा किंवा संध्याकाळी ऊन कलल्यावर जा. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बेटाच्या जवळपासही नको. ढगाळ दिवस, वादळी वारं, नुकताच पडलेला अवकाळी पाऊस, अशा वेळीही नको. ओली अंडी थंडीनेही जातात.

माणसाचा हात लागला की पक्षी अंडी सोडून जातो म्हणतात. खरं का?

नाही. वासावरून अंडी टाकून देणं सहसा होत नाही. बहुतेक पक्ष्यांना त्या वासाशी फारसं देणंघेणं नसतं. पण ही समजूत आम्ही खोडायलाही जात नाही, कारण तिच्यामुळे गावातली पोरं अंड्यांना हात लावत नाहीत. खरा धोका उन्हाचा आणि कावळ्याचा. माणूस कुठे थांबला, कुठे वाकला, हे कावळा झाडावरून बघत असतो आणि माणूस गेला की थेट तिथे उतरतो. याच कारणाने घरट्याजवळ काठी, चिंधी, झेंडी असली कोणतीही खूण करायची नाही.

मग वहीत लिहायचं काय?

छापील फॉर्म मिळाला तर बरं, नाही तर साधी शाळेची वही चालते. बेटाला गावात जे नाव असेल तेच लिहा, घाटाच्या नावासकट. तारीख, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ. पाण्याची पातळी. बेट सुटं आहे की काठाला जोडलं गेलंय. अंड्यांवर बसलेले पक्षी किती, जातीनुसार. नुसते उभे किंवा उडणारे किती. पिल्लं दिसली का. बेटावर कुणाच्या पाऊलखुणा आहेत: गुरं, कुत्रा, माणूस, ट्रॅक्टरची चाकं. जवळपास रेतीचा उपसा चालू आहे का.

मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांना आकडा न सांगता, आणि दोन्ही आकडे लिहायचे. जुळले नाहीत तर पुन्हा मोजायचं, पण पहिले आकडे खोडायचे नाहीत. आणि शून्याची नोंद शून्य म्हणूनच करायची. ‘काही दिसलं नाही म्हणून लिहिलं नाही’ असं झालं की ते पान रिकामं का आहे हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही.

घरटी ओळखून ठेवायला काठावरून हातानेच एक कच्चा नकाशा काढा. बेटाचा आकार, अडकलेला ओंडका, दगड, झुडूप अशा खुणा टाका आणि बसलेल्या पक्ष्यांना क्रमांक द्या. पुढच्या आठवड्यात त्याच जागी कोण बसलंय ते पडताळा.

घरटं रिकामं दिसलं. पिल्लं निघाली की अंडी गेली, कसं ओळखायचं?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. अंडं फुटून पिल्लू बाहेर आलं की मोठी टरफलं आई-बाप उचलून लांब टाकतात. पांढरी आतली बाजू लांबून चमकते ना, म्हणून. खळग्यात मागे राहतात ते बारीक कण, नखाएवढेही नसतात, रेतीत मिसळलेले. असे कण असतील आणि तारखांच्या हिशेबाने तीन आठवडे होत आले असतील, तर पिल्लं निघाली असं धरायला हरकत नाही.

टरफलाचे मोठे तुकडे, त्यावर वाळलेला बलक, आजूबाजूला पंजांचे ठसे असतील तर शिकार झाली. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. कावळ्याचा ठसा तीन बोटं पुढे, एक मागे. खळगाच दिसत नसेल, रेती एकसारखी घट्ट बसलेली असेल आणि काड्या-पानांची एक रेघ बेटावर आडवी पडलेली असेल, तर पाणी येऊन गेलंय. ती रेघ म्हणजे पाण्याची सर्वांत वरची खूण, तिचा फोटो काढा. गुरांनी तुडवलेलं ओळखायला काही विशेष लागत नाही.

यातलं काहीच नसेल तर ‘कळलं नाही’ असं लिहा. अंदाजाने ‘कुत्र्याने खाल्लं’ लिहिलं की वर्षाच्या शेवटी सगळा दोष कुत्र्यांवर जातो आणि खरं कारण लपतं.

हे बारकावे बघायला बेटावर जावं लागतं. ते वन विभागाच्या परवानगीने, जाणकाराबरोबर आणि वसाहत रिकामी झाल्यावरच. घाई नको.

टिटवी, चिखल्या यांची पिल्लं जन्मल्याच्या दिवशीच चालायला आणि स्वतः टिपायला लागतात, घरटं लगेच सोडतात. सुरयाची पिल्लंही काही दिवसांत खळग्यातून बाहेर येतात, पण मासळी आई-बापच आणून देतात. त्यामुळे खळगा रिकामा आणि वर सुरय चोचीत मासा घेऊन घिरट्या घालतोय असं दिसलं तर पिल्लं जवळपासच दबून बसली आहेत. तिथून निघा.

यशाची टक्केवारी कशी काढायची? वीस घरटी, दहा यशस्वी, म्हणजे पन्नास टक्के ना?

तसं काढलं तर आकडा फुगतो. जी घरटी तुम्ही जाण्याआधीच मोडली, ती तुमच्या वीसमध्ये आलीच नाहीत. हॅरॉल्ड मेफिल्ड या अमेरिकन हौशी पक्षिअभ्यासकाने १९६१ मध्ये यावर सोपा उपाय दिला: घरटी मोजू नका, घरट्यांचे दिवस मोजा.

समजा तुमच्या नजरेखाली असलेल्या सगळ्या घरट्यांचे मिळून २०० दिवस झाले आणि त्या काळात ६ घरटी गेली. रोज घरटं जाण्याचं प्रमाण ६ भागिले २००, म्हणजे ०.०३. रोज टिकण्याचं ०.९७. अंडी २२ दिवस उबवायची असतील तर ०.९७ ला २२ वेळा गुणा, उत्तर साधारण ०.५१ येतं. शंभरातली एक्कावन्न घरटी पिल्लांपर्यंत पोचतील. आता त्याच २०० दिवसांत ६ च्या ऐवजी १० गेली असती तर? रोजचं टिकणं ०.९५ आणि शेवटचा आकडा ०.३२. रोजचा फरक फक्त दोन टक्क्यांचा, पण हंगामाच्या शेवटी अर्ध्यावरून तिसऱ्या हिश्शावर. दोन कुत्री बांधून ठेवल्याने काय होणार, असं कुणी विचारलं की हे गणित मांडून दाखवा.

गणित जमत नसेल तरी अडत नाही. तारखा नीट लिहिल्या असतील तर हिशेब दुसरं कुणीही करू शकतं.

पाण्याची पातळी कशी लिहायची? आमच्याकडे यंत्र नाही.

पुलाच्या खांबावर किंवा काठावरच्या मोठ्या दगडावर एक कायमची खूण धरा आणि पाणी तिच्याखाली किती हात, किती बोटं आहे ते लिहा. हात दर वेळी एकाच माणसाचा असावा एवढं बघा. वैनगंगेवर आष्टीला आणि प्राणहितेवर टेकड्याला केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत, तिथला कल आणि तुमची खूण जुळवून बघता येते.

पाणी दोन्हीकडून मारतं. वर धरण किंवा बंधारा असेल तर उन्हाळ्यात खालच्या गावांसाठी, उद्योगांसाठी पाणी सोडतात आणि सखल बेटावरची अंडी एका रात्रीत वाहून जातात. उलट पाणी फारच आटलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री कोरड्या पायांनी चालत येतात. बंधाऱ्याच्या फुगवट्यात तर बेटच राहत नाही. सिरोंचा तालुक्याने हे गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्यामुळे बघितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले आणि साठवलेलं पाणी सोडून द्यावं लागलं, तोवर फुगवट्याखाली शेतंही गेली होती. शेतांसाठी मोर्चे निघाले. बेटांसाठी कोण काढणार, म्हणून निदान नोंद तरी असू द्या.

विणीच्या दिवसांत पाणी थोडं थोडं करून सोडा, एकदम लोंढा नको, एवढी मागणी रास्त आहे. पण तिच्यामागे आदल्या वर्षांच्या तारखा असाव्या लागतात.

कुत्र्यांचं काय करायचं?

मारायचं नाही, विष घालायचं नाही. हे गुन्हे आहेत आणि विषाने कोल्हा, गिधाड, घार सगळेच मरतात. बेटापाशी पडलेला मासळीचा कचरा, मेलेली गुरं, सहलीचं उष्टं ही कुत्री येण्याची कारणं, ती आधी हटवा. महाशिवरात्रीच्या मार्कंड्याच्या जत्रेनंतर काठावर किती खरकटं साचतं ते तिकडच्यांना सांगायला नको. काही देशांत वसाहतीभोवती जाळी लावतात, पण आपल्या सरकत्या रेतीत आणि या उन्हात तो प्रयोग वन विभागाशिवाय कुणी करू नये.

डांगरवाडीवाले आणि मासेमार यांना बेटावर येऊ द्यायचं का?

प्रश्नच उलटा आहे. नदी त्यांची आहे, आपण पाहुणे. ढिवर, कहार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात पात्रात टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात, काकडी घेतात, रात्री राखणीला झोपडीत झोपतात. बेटावर रोज नजर ठेवणारा दुसरा माणूस मिळणार कुठून? चंबळ नदीवर पाणचिरा या दुर्मीळ पक्ष्याच्या वसाहती राखायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गावातल्याच लोकांना घरटीरक्षक म्हणून सोबत घेतलं, ते उगाच नाही.

वाडी लावण्याआधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच जाऊन बोला. मागच्या वर्षी पक्षी बसले तेवढा तुकडा सोडता येईल का, राखणीचा कुत्रा रात्री बांधता येईल का, डोंगा बेटाला न लावता बाजूने नेता येईल का. बहुतेक लोक हो म्हणतात. सरळ वाटेने निघून जाणाऱ्या डोंग्याला पक्षी फारसे भीत नाहीत, थांबलेल्याला भितात. जाळ्याचे तुटके तुकडे बेटावर टाकू नका, एवढं मात्र आवर्जून सांगा, पिल्लांचे पाय त्यात अडकतात.

आणि नोंदी ठेवायला मदत केली तर त्या माणसाचं नाव, त्याची संमती असेल तर, अहवालात लिहा. बाहेरून आलेल्याचं नाव वर आणि रोज बघणाऱ्याचं कुठेच नाही, ही रीत सोडायला हवी.

रेतीचा उपसा चालू असेल तर?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. पावसाळ्यात पात्रातला उपसा बंद ठेवायचा नियम आहे, पण वीण असते उन्हाळ्यात आणि रेतीचा खरा हंगामही तोच. कागदावर वैध असलेला रेतीघाट नेमका वसाहतीवर येऊ शकतो. धोरणं बदलत राहतात: २०२३ मध्ये सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने रेती द्यायचं ठरलं, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळलं. पोकलँडचा पंजा मात्र तोच राहतो.

पहिली आणि पक्की सूचना: रात्री टिप्पर अडवायला जाऊ नका. चालत्या गाडीचा व्हिडिओ काढायला जाऊ नका. महसूलच्या माणसांवरही हल्ले होतात, तुमच्यामागे तर वर्दीही नाही.

काम लिलावाच्या आधी होतं. जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार होताना घाटांची यादी ठरते आणि त्यावर हरकती घेता येतात. तेव्हा बेटाचे अक्षांश-रेखांश, दोन-तीन उन्हाळ्यांच्या नोंदी आणि नकाशा जोडून तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या, प्रत वन विभागाला द्या. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत रेतीसारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. तिथे ग्रामसभेचा ठराव हेच सर्वांत मजबूत हत्यार. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते, तिच्यात बेट, पक्षी आणि विणीचे महिने लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही कपाटात धूळ खात पडलेली असते. काढायला लावा.

मागणीही मोजकी ठेवा. ‘नदीतून रेती काढूच नका’ म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, घरकुलाची घरंही त्याच रेतीने बांधायची आहेत. ‘हे बेट आणि त्याच्या भोवतीचा एवढा पट्टा मार्च ते जून सोडा’ ही मागणी मान्य होऊ शकते.

कायद्यात काही आधार आहे का?

आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेही तिच्यात येतं. हे कलम दोन्हीकडून चालतं, तुम्हालाही लागू आहे. अंडी हाताळणं, मोजमाप घेणं, पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालणं, यातलं काहीही परवानगीशिवाय करायचं नाही. वन विभागाची मदतवाहिनी १९२६.

ड्रोन? फोटो?

ड्रोन नको. सुरयाला तो शिकरा वाटतो, सगळी वसाहत उठते.

फोटो काठावरून काढा. अंड्यांचा जवळून फोटो, पिल्लू हातात घेतलेला फोटो आमच्या गटात कुणी टाकला तर काढायला लावतो, मग टाकणारा कितीही मोठा छायाचित्रकार असो. समाजमाध्यमांवर टाकताना तालुक्यापर्यंतच ठिकाण लिहा, घाटाचं नाव आणि नकाशातली जागा हंगाम संपेपर्यंत गाळा.

आपल्याकडे पाणचिरा येईल का?

पाणचिरा म्हणजे खालची चोच वरच्यापेक्षा लांब असलेला, पाणी चिरत उडणारा पक्षी. जगात काही हजारच उरलेत, २०२० पासून तो अधिक धोक्याच्या गटात गेला. त्याच्या विणीची मोठी ठिकाणं चंबळवर आणि ओडिशात महानदीवर. विदर्भात तो दिसला तर दुर्मीळ नोंद ठरेल, फोटोसकट लगेच कळवा. पण त्याची वाट बघत नदी सुरयाकडे दुर्लक्ष करू नका.

पिल्लू एकटं सापडलं तर घरी आणायचं का?

नाही. ते दबून बसलेलं असतं, हरवलेलं नसतं. आई-बाप तुम्ही जाण्याची वाट बघत असतात.

काम करताना स्वतःची काय काळजी घ्यायची?

एकटं जायचं नाही. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि मीठ-साखर. उपसा झालेल्या पात्रात वरून उथळ दिसणारं पाणी अचानक पुरुषभर खोल निघतं, दरवर्षी त्या खड्ड्यांत माणसं बुडतात. अनोळखी पात्रात डोंग्याशिवाय उतरू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत नदीकाठच्या जंगलातून जाताना उजाडल्यावरच निघा. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे वाघाचे हल्ले होतात हे तिकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, पण नागपूरहून येणाऱ्याला लागतं. गावात शिरण्याआधी पोलीस पाटलाला आणि बीटच्या वनरक्षकाला सांगून ठेवा, दुर्बीण घेऊन नदीवर फिरणारा अनोळखी माणूस कुणालाही संशयास्पद वाटतो.

मला एकच उन्हाळा जमेल. उपयोग आहे का?

आहे, पण मग नवं बेट शोधू नका. ज्या बेटाच्या आधीच्या नोंदी आहेत तेच घ्या, त्याच जागेवरून, त्याच फॉर्मवर. जूनमध्ये वही कुणाला द्यायची हे मार्चमध्येच ठरवा. एक प्रत गावातल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, एक वन परिक्षेत्र कार्यालयात, एक तुमच्याकडे. शाळेतल्या प्रतीवर पुढच्या वर्षी कोण येणार त्यांचा फोन नंबर लिहायला विसरू नका, मास्तर बदलून जातात.